बाटली ठेवायची कुठे? एचआयव्ही प्रतिबंधाच्या संशोधनात समुदाय सल्लागार मंडळ कसं उभारावं आणि चालवावं

मी पहिल्यांदा ज्या सल्लागार मंडळाच्या बैठकीला बसले, तिथे प्रमुख डॉक्टर पाऊण तास पडद्यावर आकृत्या दाखवत होते. रोज एक गोळी घेतली तर एचआयव्हीची लागण टळते का, असा तो अभ्यास. सगळे माना डोलावत होते. शेवटी एका ताईंनी हात वर केला. "डॉक्टर, माझी खोली दहा बाय दहाची. सासू, नवरा, दोन पोरं. बाटली ठेवायची कुठे? आणि हलली की खुळखुळते." सगळे हसले, डॉक्टरही हसले, "चांगला मुद्दा आहे" म्हणाले आणि पुढची स्लाइड आली. त्या दिवशीच्या इतिवृत्तात इतकंच आहे: 'सदस्यांना अभ्यासाची माहिती देण्यात आली. चर्चा झाली. चहापानानंतर बैठक संपली.'

पुढे सहभागी बायका गोळ्या कागदात गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवायला लागल्या. घामाने गोळ्यांचा लगदा व्हायचा, आणि केंद्रात 'बायका औषध नीट घेत नाहीत' अशी कुरकुर सुरू झाली. ताईंनी विचारलेला प्रश्न कोणी लिहूनच घेतला नव्हता.

तेव्हापासून मी बैठकीला वही घेऊन बसते. संशोधन केंद्रात समाजसेवक म्हणून हे काम ज्यांच्या गळ्यात पडलं आहे, संस्थेतर्फे ज्यांना 'मंडळावर या' असा फोन आला आहे, किंवा वस्तीतून कोणाला तरी पाठवायचं आहे, त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

आधी हे मंडळ म्हणजे काय ते नीट समजून घ्या

या क्षेत्रात सगळे त्याला 'कॅब' म्हणतात. कम्युनिटी अॅडव्हायझरी बोर्डाची आद्याक्षरं. रिक्षावाल्यांच्या एका बैठकीत मी "आमची कॅब आहे" म्हटलं तर ते ओला-उबरच्या तक्रारी सांगायला लागले. तेव्हापासून वस्तीत मी सरळ 'सल्लागार मंडळ' म्हणते.

ज्या लोकांवर संशोधन होणार त्यांच्यातले, त्यांच्या आसपासचे दहा-पंधरा जण नियमित भेटतात, अभ्यासाचे कागद वाचतात आणि संशोधकांना सांगतात, की हे आमच्याकडे चालेल, हे चालणार नाही, हे करू नका. हे मंडळ एथिक्स कमिटी नाही. एथिक्स कमिटी कायद्याने बांधलेली असते, तिच्यात किमान सात सदस्य लागतात, ती अभ्यासाला मंजुरी देते आणि तो थांबवूही शकते. मंडळाकडे असा शिक्का नसतो. ते सहभागींच्या वतीने संमतीही देऊ शकत नाही. 'वस्तीच्या पुढाऱ्यांनी हो म्हटलं आहे' हे वाक्य कोणी संमतीपत्राऐवजी वापरू लागलं तर तिथेच थांबवा. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेत वडोदरा इथे मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात आश्रमशाळा-वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीवर पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या आढळल्या. दुसऱ्याने परस्पर दिलेल्या होकाराचं काय होतं, ते त्या प्रकरणात दिसलं.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यात जास्त विसरली जाते: मंडळ म्हणजे माणसं गोळा करून देणारी यंत्रणा नाही. 'या महिन्यात भरती कमी आहे, तुम्ही जरा वस्तीत सांगा ना' असं केंद्रातून कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. जो भरती करतो त्याला उद्या 'भरतीची पद्धत चुकते आहे' असं सांगायची सोय उरत नाही.

हे सगळं आलं कुठून? १९८३मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्स झालेल्या लोकांनी जाहीर केलं, की आमच्याबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे आम्हाला बसवा. त्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या चाचण्यांमध्ये अशी मंडळं रुजू लागली. पण प्रतिबंधाच्या संशोधनाला खरा चटका बसला तो २००४मध्ये, कंबोडियात. टेनोफोव्हिर ही गोळी लागण रोखते का, हे ९६० सेक्स वर्कर बायकांवर तपासायचं होतं. बायकांच्या संघटनेने विचारलं, की आम्हाला नंतर काही त्रास झाला तर उपचार कोण करणार, किती वर्षं? समाधानकारक उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणी सुरू होण्याआधीच बंद केली. पाठोपाठ २००५च्या सुरुवातीला कॅमेरूनमधली तशीच चाचणी थांबली. औषध मात्र चांगलं होतं. त्याच टेनोफोव्हिरवर आधारलेली गोळी आज जगभर प्रेप म्हणून, म्हणजे लागण होण्याआधीच घ्यायचं प्रतिबंधक औषध म्हणून, दिली जाते. या धड्यानंतर युएनएड्स ही संयुक्त राष्ट्रांची एड्सविषयक संस्था आणि एव्हॅक ही प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था यांनी २००७मध्ये लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०११मध्ये ती सुधारली. इंग्रजी वाचणाऱ्या एका तरी सदस्याने ती चाळलेली असावीत.

आपल्याकडे पुण्याचं नाव यात जुनं आहे. भोसरीची तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', १९९२ची. फेब्रुवारी २००५मध्ये देशातली पहिली एड्स लसचाचणी तिथेच सुरू झाली, तीस निरोगी स्वयंसेवकांवर. लस सुरक्षित निघाली, पण तिने प्रतिकारशक्ती पुरेशी जागवली नाही. पुढे जोडप्यांवरचा मोठा अभ्यास झाला. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, एकाला लागण, दुसऱ्याला नाही. त्यात पुणे आणि चेन्नई दोन्ही होते. लागण असलेल्या जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं की दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११मध्ये त्यातूनच कळलं.

सुरुवात केव्हा करायची

पहिला सहभागी दारात येण्याच्या निदान सहा महिने आधी. मंजुऱ्या आल्या, फ्रीज बसला, नर्सची भरती झाली, आणि मग 'अरे, कॅब राहिली' म्हणून घाईत बनवलेलं मंडळ फोटोपुरतंच उरतं.

बहुतेक मोठ्या अभ्यासांचा आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, परदेशात लिहिला जातो. तो पुण्यात किंवा मुंबईत पोचेपर्यंत पुष्कळसा पक्का झालेला असतो. म्हणून पहिल्याच बैठकीत प्रमुख संशोधकांकडून दोन याद्या लेखी घ्या: इथे काय बदलता येतं आणि काय वर पाठवावं लागतं. संमतीपत्राची मराठी, भेटींच्या वेळा, प्रवासखर्च, फोन आणि घरभेटीची पद्धत, समुपदेशक बाई की पुरुष, औषधाचं पाकीट, तक्रार कुठे करायची, हे बहुधा इथल्या इथे बदलतं. कोणाला घ्यायचं, गरोदर राहिलेल्या बाईचं औषध बंद करायचं का, तुलनेच्या गटाला काय द्यायचं, हे वर जातं. वर जाणाऱ्या गोष्टींवर बोलायचं नाही असं नाही. पण कुठला दगड हलणारा आणि कुठला नाही, हे आधी कळलं तर सदस्य चौथ्या बैठकीला वैतागून यायचे थांबत नाहीत.

माणसं निवडताना

बारा ते पंधरा सदस्य पुरे. त्याहून जास्त झाले की मोजके तिघं बोलतात आणि बाकीचे पंख्याकडे बघतात.

निम्म्याहून अधिक लोक ज्यांच्यावर अभ्यास आहे त्या समूहातले हवेत. अभ्यास सेक्स वर्कर महिलांवर असेल तर त्यांच्या स्वतःच्या संघटनेकडे जा, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संचालकाकडे नाही. सांगलीत संग्राम या संस्थेच्या कामातून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद दाखवते, की या बायकांना आपलं म्हणणं मांडायला मध्यस्थ लागत नाही. तृतीयपंथी आणि एमएसएम, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, या समूहांतून निवडताना एक काळजी घ्या. टीआय, म्हणजे सरकारी पैशावर वस्तीत चालणाऱ्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पातले पीअर एज्युकेटर (समूहातलेच पगारी कार्यकर्ते) सहज सापडतात म्हणून तेच घेतले जातात, पण त्यांचा पगार ज्या यंत्रणेतून येतो तिच्याविरुद्ध ते बोलतील का? एखादा घ्या, चार नको.

उरलेल्यांत एक वकील, एक शिक्षक किंवा निवृत्त परिचारिका, वस्तीतला औषध दुकानदार, शक्य असेल तर एक पत्रकार. औषध दुकानदाराचं नाव वाचून लोक हसतात, पण वस्तीत कोण कुठली गोळी मागतं आणि काय अफवा आहे, हे त्याच्या काउंटरवर आधी कळतं. नगरसेवक नको. आले तर मंडळ त्यांचं होतं.

एक नियम काचेसारखा स्वच्छ ठेवा: कोणाही सदस्याला त्याचा एचआयव्ही दर्जा, म्हणजे लागण आहे की नाही, विचारायचा नाही. 'आमच्या मंडळावर पॉझिटिव्ह लोकांचे तीन प्रतिनिधी आहेत' असं अहवालात लिहिण्याच्या हौसेपायी केंद्रं ही चूक करतात. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, आणि माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याचा दर्जा उघड करण्याला त्याने आळा घातला आहे. ज्यांना आपणहून सांगायचं आहे ते सांगतील.

अध्यक्ष मंडळानेच निवडावा. केंद्राच्या पगारावरची व्यक्ती अध्यक्ष नको. संशोधक निमंत्रित म्हणून येतील, माहिती देतील, आणि शेवटची वीस मिनिटं खोलीबाहेर जातील. हा नियम सुरुवातीला डॉक्टरांना खटकतो, पण खरं बोलणं बहुधा त्याच वीस मिनिटांत होतं.

वेळ, पैसे, नियम

यावर थोडक्यात. बुधवार पेठेतल्या बायकांना संध्याकाळी बोलावू नका, ती त्यांची धंद्याची वेळ. दुपारी एक ते तीन ठीक. भोसरी-चिंचवडच्या कामगारांना गुरुवारी बोलवा, कारखान्यांची सुट्टी त्या दिवशी असते. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी, हातात, सही घेऊन द्या. 'बिल जमा करा, तीन आठवड्यांत खात्यावर येईल' म्हटलं की गरीब सदस्य गळतात आणि उरतात ते सुखवस्तू. मुदत दोन वर्षं, दरवर्षी निम्मे लोक बदलावेत. मंडळात कळलेलं मंडळात राहील याची सही घ्या. कोणाचा नातेवाईक केंद्रात नोकरीला असेल तर ते पहिल्या दिवशी उघड करायचं.

भाषा: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

मंडळाचा सगळ्यात मोठा उपयोग मी भाषेत पाहिला आहे. संमतीपत्र इंग्रजीतून मराठीत येतं ते अनुवादसंस्थेकडून, आणि ते कागद वाचणाऱ्याला शिक्षा वाटावी असे असतात.

'चाचणी' हाच शब्द घ्या. मराठीत एचआयव्ही चाचणी म्हणजे रक्त तपासणं. 'एचआयव्ही लस चाचणीत सहभागी व्हा' असं पत्रक वाटलं तर निम्म्या लोकांना वाटतं, रक्त तपासून मिळणार आहे, फुकट. 'प्रयोग' म्हणावं तर नाटकाचा प्रयोग आठवतो किंवा लगेच 'आम्ही काय उंदीर आहोत का?' आमच्या मंडळाने 'अभ्यास' हा शब्द धरला आणि त्यापुढे एक वाक्य जोडलं: 'हे औषध काम करतं की नाही हे अजून माहीत नाही, तेच शोधायचं आहे.' हे वाक्य पत्रकात, फलकावर, समुपदेशकाच्या तोंडी, सगळीकडे तेच. कारण सगळ्यात घातक गैरसमज हाच असतो: 'लस टोचून घेतली, आता मला काही होत नाही.' मग कंडोम बाजूला पडतो.

प्लासिबोला एका मसुद्यात 'खोटे औषध' लिहिलं होतं. ते वाचून एक मावशी उठल्याच. "खोटं औषध देणार आणि वर सही घेणार?" 'साखरेची गोळी' सुचलं, तर मधुमेह असलेल्या काकांनी हरकत घेतली, आणि ती रास्त होती. शेवटी 'दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी' असं लांबलचक ठरलं. लांब असलं तरी कोणालाही कळतं.

कोणाला कुठली गोळी मिळेल हे नशिबावर असतं, ते समजावताना 'चिठ्ठी टाकणे' म्हटलं जातं. पण चिठ्ठी म्हटलं की लोकांना म्हाडाची सोडत आठवते, आणि मग औषधाची गोळी मिळणं म्हणजे घर लागणं. छापा-काटा बरा. नाणं उडवून दाखवायचं: "मी ठरवत नाही, डॉक्टर ठरवत नाहीत, आणि कुठलं आलं ते आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत कळणार नाही."

'निकाल सकारात्मक आल्यास' हे तर मी तीन वेगवेगळ्या केंद्रांच्या कागदांवर पाहिलं आहे. सकारात्मक म्हणजे चांगलं असंच माणूस समजणार. लोक 'पॉझिटिव्ह' म्हणतात, तेच लिहा. 'प्रतिकूल घटना'ऐवजी 'त्रास'. 'दहा मिलिलिटर रक्त'पुढे 'म्हणजे दोन छोटे चमचे', आणि वर्षभराचं एकूण किती तेही. रक्त विकतात ही अफवा कधीच मरत नाही, तिला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

तपासायची रीत अशी. मसुदा मोठ्याने वाचायचा. एक सदस्य वाचतो, दुसरा, ज्याने तो आधी पाहिलेला नाही, तो कागद न बघता आपल्या शब्दांत सांगतो. जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण. डोळ्यांनी वाचताना न सापडणारी अडचण कानाला लगेच सापडते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्याच्या वेळी तटस्थ साक्षीदार लागतो. तो केंद्राचा शिपाई नसावा, हे मंडळाने लिहून घ्यावं. नव्या औषधाच्या अभ्यासात असुरक्षित गटातल्या सहभागींच्या संमतीचं चित्रीकरण करावं लागतं, पण २०१९च्या नियमांनी एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज मुद्रित करायला सांगितलं आहे. 'कॅमेरा लावणार का?' असं वस्तीत पहिल्यांदा विचारलं जातं. उत्तर तयार ठेवा.

प्रोटोकॉल हातात आला की काय विचारायचं

शंभरावर पानं बघून घाबरू नका. मी हे मुद्दे शोधून त्या-त्या पानावर चिकटपट्टी लावते.

पहिला: अभ्यास चालू असताना कोणाला लागण झाली तर पुढे काय? सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या केंद्रात, २००४पासून औषध मोफत आहे. पण 'एआरटी सेंटरला पाठवू' हे उत्तर अर्धवट आहे. सोबत कोण जाणार, पहिल्या तपासण्यांचा खर्च कोणाचा, घरी सांगायला समुपदेशक मदत करेल का?

दुसरा: इजा झाली तर? आपल्याकडच्या नियमांत अभ्यासामुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई, दोन्हींची तरतूद आहे. रात्री दोन वाजता चक्कर आली तर कुठला नंबर लावायचा, आणि तो उचलणारा मराठी बोलतो का, हे विचारा. आम्ही एकदा बैठकीतूनच तो नंबर लावला होता. कोणी उचलला नाही. केंद्राचं नाव सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी तिथे ड्यूटीचा तक्ता लागला.

तिसरा फक्त लसीच्या अभ्यासात येतो आणि फार थोड्यांना माहीत असतो. लस घेतल्यावर शरीर प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवतं आणि नेहमीची रक्ततपासणी तीच शोधते. म्हणजे लागण नसताना तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते, कधीकधी पुढची कित्येक वर्षं. आता विचार करा: रक्तदान शिबिर, आखाती देशात नोकरीसाठीचं मेडिकल, सैन्यभरती, बाळंतपणातली तपासणी. सातारा-सांगलीकडच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला हे आधी सांगितलं नाही तर त्याचं आयुष्य फिरतं. केंद्राने ओळखपत्र द्यावं, खरी लागण ओळखणारी वेगळी तपासणी मोफत करून द्यावी, आणि अभ्यास संपल्यावरही ही सोय चालू ठेवावी. किती वर्षं, ते आकड्यात लिहून घ्या.

चौथा: फोन आणि घरभेट. केंद्राचा फोन आला तर स्क्रीनवर काय नाव दिसेल? गाडीवर काय लिहिलं आहे? 'एड्स' हा शब्द गाडीवर असेल तर ती गल्लीच्या तोंडाशीही नको.

पाचवा: लोक औषध खरंच घेतील का? आफ्रिकेतल्या 'व्हॉइस' नावाच्या अभ्यासात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या ५,०२९ बायका होत्या. लागण रोखण्याच्या गोळ्या आणि योनीत लावायचं जेल नियमित वापरतो असं जवळजवळ सगळ्या सांगत होत्या. रक्त तपासलं तर एकतृतीयांशाहून कमी नमुन्यांत औषध सापडलं. अभ्यासातून उपयोग दिसला नाही, कारण औषध बहुतेकींच्या अंगात गेलंच नव्हतं. नंतर बायकांशी निवांत बोलल्यावर कळलं, की एचआयव्हीची गोळी घरात दिसली तर आपल्यालाच लागण आहे असं लोक समजतील, ही भीती होती. म्हणजे पुन्हा आमच्या ताईंची बाटली. एवढा पैसा, एवढी वर्षं, आणि अडलं कुठे, तर ठेवायच्या जागेशी.

सहावा, सगळ्यात अवघड: औषध चाललं तर आम्हाला मिळणार का? लेनाकॅपाविर हे सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. २०२४मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या अभ्यासात ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मूळ कंपनीने १२० देशांसाठी स्वस्त औषध बनवायचे परवाने सहा उत्पादकांना दिले, त्यात पुण्याची एमक्युअरही आहे. पण याच इंजेक्शनचा दुसरा अभ्यास ज्या देशांत झाला त्यांपैकी ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू त्या यादीत नव्हते. तिथल्या लोकांनी इंजेक्शन टोचून घेतलं, आणि त्यांनाच यादीतून वगळलं. हा प्रश्न अभ्यास संपल्यावर विचारून फायदा नाही. सही होण्याआधी विचारायचा.

वही

आता मूळ मुद्दा. शंभर पानी, पुठ्ठ्याची, पानांवर आकडे घातलेली वही. पाच रकाने: नोंद क्रमांक आणि तारीख; सदस्याने काय म्हटलं, त्याच्याच शब्दांत; उत्तर कोणी द्यायचं; काय उत्तर आलं; केव्हा आलं. नाव लिहायचं की नाही ते बोलणाऱ्याने ठरवायचं.

एक नमुना:

*नोंद ९. "बाटली खुळखुळते, शेजारी विचारतात." – उत्तर: फार्मसिस्ट. – बाटलीत कापूस घालून देऊ. ज्यांना हवं त्यांना झिपची साधी पिशवी, नाव न छापलेली. गोळ्या पिशवीत किती दिवस टिकतात ते विचारून सांगू. – सतरा दिवसांनी आलं: आठवडाभराच्याच ठेवाव्यात.*

प्रत्येक बैठक मागच्या उघड्या नोंदी वाचून सुरू करायची, मगच नवीन विषय. 'नाही' हे उत्तरही चालतं, पण कारणासकट आणि लेखी. केंद्राला हे आधी जड जातं. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं, की वहीमुळे 'वातावरण बिघडतं'. मी म्हटलं, मग तुमच्याकडेच ठेवा, फक्त झेरॉक्स द्या. वर्षाने प्रायोजकांतर्फे तपासणीसाठी आलेल्या मॉनिटरने लोकसहभागाचा पुरावा मागितला तेव्हा तीच वही कपाटातून निघाली.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप वहीची जागा घेत नाही. तिथे 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली प्रश्न गाडले जातात, आणि फोन घरातल्या कोणाच्याही हातात पडतो. ग्रुपवर फक्त तारीख आणि वेळ, तीही अभ्यासाचं नाव न घेता.

चाचणी मध्येच थांबली तर

हे होतं, आणि पुष्कळदा होतं. जानेवारी २००७च्या अखेरीस लागण रोखण्यासाठीच्या सेल्युलोज सल्फेट या जेलचा अभ्यास अचानक थांबवला गेला, कारण काही ठिकाणी जेल वापरणाऱ्या बायकांमध्ये लागण जास्त दिसत होती. त्या अभ्यासाची दोन केंद्रं भारतात होती. अशा अभ्यासांवर तटस्थ तज्ज्ञांची एक समिती डोळा ठेवून असते. मधले आकडे फक्त तिलाच दिसतात आणि धोका वाटला तर ती थांबवायला सांगते. थांबणं म्हणजे पहारा जागा असल्याचं लक्षण. पण वस्तीत बातमी अशी पोचते: 'त्या जेलने एड्स झाला.'

म्हणून मंडळाने पहिल्या तीन महिन्यांतच तालीम करावी. समजा उद्या सकाळी अभ्यास थांबला. सहभागींना कोण, किती तासांत, कसं सांगणार? पत्रकाराला कोण उत्तर देणार? सदस्यांनी चौकात विचारलं तर काय बोलायचं? तीन वाक्यं ठरवून पाठ करा. आमची अशी होती: "अभ्यास थांबवला आहे. ज्यांनी औषध घेतलं त्यांची तपासणी आणि काळजी चालू राहील. कारण कळलं की सहभागींना सगळ्यांच्या आधी सांगू." यापलीकडे माहीत नसेल तर अंदाज बांधायचा नाही.

रोजच्या अफवांसाठी वहीच्या मागच्या पानांवर वेगळी यादी ठेवा. अफवा खोडण्याआधी ती कुठून आली ते पाहा. 'रक्त विकतात' ही अफवा एकदा मुळाशी गेले तेव्हा कळलं, की नर्स थंडपेटी घेऊन मागच्या दाराने रिक्षात बसायची. पुढच्या दाराने जायला लागली, आणि एका सदस्याला पेटी प्रयोगशाळेपर्यंत सोबत नेऊन दाखवली.

निकाल आल्यावर

सहभागींना निकाल वर्तमानपत्रातून कळू नये. त्यांची सभा आधी, त्यात भाषण मंडळाच्या सदस्याचं, मराठीत, वीस मिनिटांत. प्रश्नांना दुप्पट वेळ. कोणाला औषध मिळालं होतं आणि कोणाला बिनऔषधाची गोळी, ते प्रत्येकाला वेगळं, खासगीत. जे सभेला येऊ शकत नाहीत, किंवा आले तर ओळखले जातील, त्यांच्यासाठी केंद्रात पंधरा दिवस ठरावीक वेळ.

वहीची एक प्रत केंद्रात, एक अध्यक्षांकडे, आणि एक पुढच्या अभ्यासाच्या मंडळाला द्या. दर वेळी नवं मंडळ शून्यापासून सुरुवात करतं आणि तेच प्रश्न पुन्हा शोधतं, हे मी चारदा पाहिलं आहे.

आमच्या वहीत नोंद २३ अजून उघडी आहे. "औषध चाललं तर आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात कधी मिळेल?" चौथ्या रकान्यात लिहिलं आहे, 'प्रायोजकांकडे पाठवलं.' पाचवा रकाना मोकळा आहे. दर बैठकीला ती नोंद आधी वाचली जाते, आणि ती वाचतात त्याच ताई, ज्यांची खोली दहा बाय दहाची आहे.